गड्डा उठल्यापासून होळीपर्यंत: वाळल्या रानाचे फोटो कसे काढावेत

पावसाळ्यात कॅमेरा गळ्यात अडकवून महाबळेश्वर नाहीतर ताम्हिणीला पळणारे सोलापुरात ढिगानं सापडतील. माघात तोच कॅमेरा घेऊन कुणी भल्या पहाटे बार्शी रोडला निघालेला दिसला की लोक विचारतात, "लग्नाची ऑर्डर आहे काय?" या दिवसांत आपल्याकडे बघण्यासारखं काही नसतं, असा सगळ्यांचा समज आहे आणि सोलापूरकरांचा तर जास्तच. ज्वारी निघालेली, गवत वाळलेलं, ओढे कोरडे, वर पांढुरकं आभाळ. कशाचा फोटो काढणार?

हा लेख ज्यांनी नुकताच फोन किंवा कॅमेरा जरा गांभीर्यानं हातात घेतलाय त्यांच्यासाठी आहे. माझं मत असं की फोटो काढायला शिकायचं तर आपल्याकडचा माघ-फाल्गुन पावसाळ्यापेक्षा चांगला मास्तर आहे. हिरवळ चुका झाकते. हिरव्यागार डोंगराचा फोटो कसाही काढा, चार लोक छान म्हणतात. वाळल्या माळावर मात्र आडवी गेलेली विजेची तार, बाभळीला अडकलेली प्लास्टिकची पिशवी, जरासं तिरकं झालेलं क्षितिज, सगळं उघडं पडतं. म्हणून इथं मुख्य शिक्षण म्हणजे फ्रेममधून काय काय वगळायचं. पुढच्या बहुतेक सूचना त्याच कामाच्या आहेत.

तारीख आणि घड्याळ

होम मैदानावरचा गड्डा, म्हणजे सिद्धेश्वराची जत्रा, उठला की मोसम सुरू झाला, आणि "होळी जळाली, थंडी पळाली" म्हणायची वेळ आली की संपला. जानेवारीचा शेवट ते मार्चचे पहिले दोन आठवडे धरा. एवढ्यात रान तीनदा रूप पालटतं. सुरुवातीला मालदांडी ज्वारी उभी असते. कणसं भरलेली, पाती खालून करपत आलेली, आणि बांधाबांधावर हुरडा भाजायच्या आगट्या. फेब्रुवारीत काढणी लागते. आपल्याकडे बऱ्याच ठिकाणी ज्वारी मुळासकट उपटतात, त्यामुळे रान एकदम मोकळं होतं आणि आडव्या टाकलेल्या ताटांच्या ओळी उन्हात वाळत पडतात. मग कणसं मोडतात, कडब्याच्या पेंढ्या बांधतात आणि मोकळ्या रानात बुचाडं, म्हणजे उभ्या रचलेल्या पेंढ्यांचे ढीग, दिसायला लागतात. फाल्गुन लागला की नांगरट सुरू, आणि पिवळ्या रानाचं काळं होतं. या तिन्ही अवस्थांचे फोटो वेगळे येतात. एकच एक निवडायची असेल तर मी मधली निवडेन, बुचाडांची.

दिवसातली वेळ त्याहून महत्त्वाची. फेब्रुवारीच्या मध्यावर सोलापुरात सूर्य सात वाजायला पाच-सात मिनिटं कमी असताना उगवतो आणि साडेसहाच्या आसपास मावळतो. भारतीय प्रमाणवेळ 82.5 अंश रेखांशाची आणि आपण 76 अंशांच्या जवळ, त्यामुळे आपला सूर्य घड्याळाच्या पंचवीसेक मिनिटं मागून चालतो. थंडीत अंथरूण न सोडवणाऱ्यांची यात सोयच आहे. उगवल्यापासून सव्वाआठपर्यंत आणि संध्याकाळी सव्वापाचपासून अंधार पडेपर्यंत, एवढाच वेळ आपला. सकाळी साडेसातला 5 फूट उंचीच्या माणसाची सावली 35 फुटांच्या आसपास पडते. दुपारी पाऊणच्या सुमाराला, सूर्य सगळ्यात वर असताना, तीच 3 फुटांवर येते. वाळल्या रानात रंग थोडे असतात, म्हणून जमिनीचा उंचसखलपणा दाखवायचं सगळं काम सावलीला करावं लागतं. सावली आखडली की रान सपाट पुठ्ठ्यासारखं दिसतं. नऊनंतर कॅमेरा बॅगेत टाका आणि मिसळ खायला जा.

आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवा. या दिवसांत सूर्य नेमका पूर्वेला उगवत नाही, थोडा दक्षिणेकडं सरकून उगवतो. हात लांब करून मूठ धरली तर तिची रुंदी साधारण 10 अंश भरते. फेब्रुवारीच्या मध्यावर सूर्य पूर्वेपासून अशा दीड मुठीवर येतो. 20-21 मार्चला तो बरोबर पूर्वेला असतो. एखादी बाभूळ हेरून ठेवली असेल आणि तिच्यामागून सूर्य उगवायला हवा असेल, तर उभं कुठं राहायचं हे आदल्या दिवशी मुठीनं मोजून ठरवता येतं.

पौर्णिमेचंही तसंच. माघी पौर्णिमेला चंद्र वर येईपर्यंत रान अंधारात गेलेलं असतं. फोटोत मग नुसता पांढरा ठिपका आणि खाली काळोख. आदल्या दिवशी, चतुर्दशीला जा. त्या दिवशी चंद्र सूर्यास्ताच्या पाऊणेक तास आधीच वर आलेला असतो, कडब्यावर अजून पिवळं ऊन असतं आणि दोन्ही एकाच फ्रेममध्ये नीट बसतात.

सामान

फोन पुरतो. चार-पाच वर्षं जुना असला तरी पुरतो. कॅमेरा असेल तर त्याच्यासोबत आलेली 18-55ची लेन्स ठीक, पण या कामाला 55-250सारखी लांबची लेन्स जास्त उपयोगी पडते; कारण पुढं येईलच.

ट्रायपॉडसाठी अडून बसू नका. कापडी पिशवीत किलोभर ज्वारी भरून तोंड शिवून टाका. बांधावर, दगडावर, गाडीच्या खिडकीत कुठंही ठेवा, कॅमेरा तिच्यात रुतून स्थिर बसतो. आणि मोसम संपला की भाकरी.

पायात बूट हवेतच. थंडीत घोणस सकाळच्या उन्हाला येऊन पडते आणि वाळल्या गवतात अजिबात ओळखू येत नाही. पाय टाकण्याआधी काठीनं गवत हलवा. जीन्सच्या खाली जाड मोजे घालू नका. म्हणीतलं कुसळ डोळ्यात असतं, माळावरचं मोज्यात, आणि घरी बसून एकेक उपसायला संध्याकाळ जाते. पातळ मोजा, वरून पॅन्ट, पायाशी घट्ट.

धूळ हा खरा शत्रू. लेन्स बदलायची तर वाऱ्याकडं पाठ करून, कॅमेऱ्याचं तोंड खाली धरून. लेन्सवर धूळ बसली तर आधी ब्लोअरनं उडवा, मग मऊ कापड. आपल्या गावचा टर्किश टॉवेल कितीही मऊ असला तरी लेन्सला लावू नका. फोनची काच मात्र दर दहा मिनिटांनी पुसा. खिशातला तेलकट हात लागलेली काच उगवत्या सूर्यासमोर धरली की सगळा फोटो दुधाळ येतो, आणि लोक समजतात धुकं होतं.

कुठं जायचं

पहिल्यांदा घराजवळ. जुळे सोलापूर, बाळे, सोरेगाव, कुठंही राहत असलात तरी पंधरा मिनिटांत मोकळं रान लागतं. एक झाड, एक बांध, एक पाणंद हेरा आणि तिथंच पुन्हा पुन्हा जा. लांबच्या जागा नंतर.

लांबच्यांत माझी आवडती जागा मंगळवेढ्याचा पट्टा. इथल्या ज्वारीला 2016 साली भौगोलिक मानांकन मिळालं, पण फोटोसाठी महत्त्वाची आहे ती जमीन: खोल, काळी, सपाट, आणि मैलभर झाड नाही. नवख्या माणसाला पहिल्या दिवशी इथं काहीच सुचत नाही. क्षितिज, त्याच्यावर एखादं बुचाड, संपलं. पण ज्याला मोकळ्या जागेचे फोटो शिकायचेत त्याला यापेक्षा चांगली पाटी मिळणार नाही. जाता-येता माचणूरला थांबा. भीमेच्या काठी सिद्धेश्वराचं देऊळ आणि घाट आहे. पाणी ओसरलं असेल तर नदीतले खडक उघडे पडतात, आणि संध्याकाळचं ऊन त्यांच्यावर तिरकं येतं.

दुसरी जागा नान्नज. 1979 साली माळढोक पक्ष्यासाठी हे अभयारण्य झालं. माळढोक आता दिसेल या आशेनं जाऊ नका. काळविटं दिसतात, नशीब असेल तर लांडगाही. पण आपण आलोय ते गवतासाठी. बांधबंदिस्तीत राखलेलं, कमरेएवढं, वाळून सोनेरी झालेलं गवत सोलापूरच्या आसपास इतक्या प्रमाणात क्वचितच राहिलंय. वणवा पसरू नये म्हणून वन विभाग उन्हाळ्याआधी गवतात जाळरेषा काढतो, म्हणजे ठरावीक पट्टे मुद्दाम जाळून घेतो. पिवळ्या माळावरची ती सरळ काळी रेघ बघितलीत की कॅमेरा आपोआप वर येतो. परवानगी काढून, ठरलेल्या वाटेनंच जा. बिडी-सिगारेट अजिबात नाही, वाळल्या गवताला ठिणगी पुरते. ड्रोनचं नाव काढू नका. माळावरचे पक्षी जमिनीवर घरटी करतात, त्यामुळे चांगला कोन मिळावा म्हणून गवतात घुसणं म्हणजे अंडी तुडवणं होऊ शकतं.

हिप्परग्याचा तलाव तुळजापूर रोडला, शहरापासून जवळ, म्हणून रविवारी सकाळी सोयीचा. 1871 साली पुरा झालेला हा तलाव सरकारी कागदांत एकरुख नावानं येतो. पाणी हटलेल्या काठावर चिखल सुकून त्याच्या खपल्या झालेल्या असतात, त्या टिपा. हत्तरसंग कुडलला भीमा आणि सीना मिळतात. तिथल्या संगमेश्वराच्या देवळात शके 940चा मराठी शिलालेख आहे, तो बघून घ्या. पण फोटोसाठी देवळामागं नदीकडं उतरा. उजनीचं पाणलोट करमाळा बाजूनं धरावं. केत्तूरच्या आसपास पाणी मागं सरकलं की गाळाचे लांबच लांब पट्टे उघडे पडतात. रोहित पक्षी बघायला सगळे भिगवणला गर्दी करतात, ती गर्दी टळते.

रानात पोचल्यावर

पहिली दहा मिनिटं कॅमेरा बाहेर काढू नका. एका जागी उभे राहा आणि समोर काय काय दिसतंय ते मनात मोजा. बाभूळ. विजेचा खांब. दुसरा खांब. कडब्याची गंजी. निळा ताडपत्रीचा तुकडा. लांबवर कारखान्याची चिमणी. पाण्याची टाकी. सहा-सात गोष्टी होतात. आता ठरवा, यातल्या जास्तीत जास्त दोन ठेवायच्या. कुठल्या, ते तुम्ही ठरवा. चिमणी आणि बाभूळ हीसुद्धा चांगली जोडी आहे, सोलापूरचं खरं चित्र तेच. पण दोनच. बाकीच्या पाच काढून टाकायच्या. कशा?

पायांनी. खांब बाभळीच्या मागं लपेपर्यंत डावीकडं सरका. ताडपत्री बांधाआड जाईपर्यंत खाली बसा. बांधावर चढलात तर उलटं होतं, मागचं सगळं वर येतं. आपली जमीन सपाट आहे, त्यामुळे डोळ्याची उंची 2-3 फुटांनी बदलली तरी चित्र पार बदलतं. घाटातल्या लोकांना ही गंमत कळायची नाही. उभं राहून काढलेल्या फोटोत कडब्याचं बुचाड जमिनीच्या पिवळ्यात विरघळून जातं. गुडघ्यावर बसा, त्याचा शेंडा क्षितिजाच्या वर जातो आणि आकार आभाळावर स्पष्ट उमटतो.

मग येते लेन्स. फोनवर 0.5चं बटण आहे ते विसरा. मोकळं रान बघितलं की सगळ्यांना वाटतं, हे सगळं मावायला हवं. मावतं, पण मुगाएवढं होऊन मावतं, आणि कडेला दोन खांब, तुमच्या मित्राचा हात आणि गाडीचं चाकही येतं. 1 किंवा 2 वर ठेवा. ज्यांच्याकडं लांबची लेन्स आहे त्यांनी 150-200 मिलिमीटरवर एकदा करून बघा: अर्ध्या किलोमीटरवरचं झाड, त्याच्यामागची टेकडी आणि त्यामागचा धुरकट पट्टा एकमेकांना चिकटून थरांसारखे दिसतात. मघाशी लांबच्या लेन्सबद्दल म्हणालो ते यासाठी. मोकळ्या रानात रुंद लेन्सपेक्षा लांब लेन्सच जास्त मोकळेपणा दाखवते, कारण ती कचरा बाहेर ठेवते.

आभाळ किती घ्यायचं

या दिवसांत आभाळात ढग नसतात. जमिनीलगत मात्र एक करडा पट्टा असतो: धूळ, पाचट जाळल्याचा धूर, वीटभट्ट्या, हंगामात चालू असलेले कारखाने. फुप्फुसांना वाईट, फोटोला चांगला. सूर्य मावळण्याआधी दहा-पंधरा मिनिटं या पट्ट्यात शिरतो आणि लाल, गोल, किरणांशिवायचा दिसतो. त्या वेळचं आणि पहाटेचं आभाळ फ्रेमच्या दोन तृतीयांश भागात खुशाल घ्या, वरून खाली रंग हलके हलके बदलत जातो आणि खाली एक छोटं झाड पुरतं. पण साडेआठनंतर तेच आभाळ पांढरंफटक होतं. तेव्हा क्षितिज फ्रेमच्या अगदी वरच्या कडेला न्या, किंवा आभाळ काढूनच टाका आणि नुसती जमीन घ्या. अर्धं आभाळ, अर्धी जमीन ही सवय जितक्या लवकर सुटेल तितकं बरं.

एक सूचना गंभीरपणे: सूर्य लाल दिसला तरी डीएसएलआरच्या काचेतून, त्यातही लांबच्या लेन्समधून, त्याच्याकडं थेट बघू नका. स्क्रीनवर बघा.

उजेड कॅमेऱ्याला कळत नाही

हा भाग जरा सावकाश वाचा, कारण वाळल्या रानाचे निम्मे फोटो इथं बिघडतात. कॅमेरा, फोन, कुठलाही असो, त्याला समोर जे दिसेल ते मध्यम उजळ असावं असं वाटतं. मंगळवेढ्याची काळी नांगरट फ्रेमभर घेतलीत की तो म्हणतो, फार अंधार आहे, आणि काळ्या जमिनीची राखाडी माती करून टाकतो. उलट कडब्याची गंजी उन्हात फ्रेमभर घेतलीत की त्याला वाटतं, फार उजेड झाला. लखलखीत कडबा मळकट होतो. म्हणून काळ्या रानाला एक्सपोजर, म्हणजे फोटोचा उजळपणा, कमी करा, उणे 0.7 ते उणे 1. पिवळ्या-पांढऱ्या गवताला आणि कडब्याला वाढवा, अधिक 0.3 ते 0.7. कॅमेऱ्यावर अधिक-उणे लिहिलेलं बटण असतं तेच. फोनवर स्क्रीनवर बोट दाबून धरा, फोकस कुलूपबंद होईल आणि शेजारी छोटा सूर्य दिसेल. तो बोटानं खाली-वर सरकवा.

दोन्ही एकत्र असतील, म्हणजे उन्हातलं गवत आणि सावलीतला बांध, तर उन्हातल्या भागावर बोट ठेवा. सावली काळी झाली तर होऊ द्या. फोनचं एचडीआर सगळं सारखं उजळ करायला धावतं. सेटिंगमध्ये बंद करता येत असेल तर करा. या रानात काळ्याला काळं राहायचा हक्क आहे.

व्हाइट बॅलन्स ऑटोवर नको. सकाळचं पिवळं ऊन त्याला दोष वाटतो आणि तो निळसर करून काढून टाकतो. डेलाइट किंवा 5500 केल्विनच्या जवळ ठेवा. अॅपर्चर 8 ते 11, आयएसओ 100, शटर जे येईल ते. हात हलेल अशी शंका आली की ज्वारीची पिशवी. रॉमध्ये, म्हणजे कॅमेऱ्यानं फेरफार न केलेल्या मूळ फाइलमध्ये, काढता येत असेल तर काढा. बाकी सेटिंगच्या मागं लागू नका.

शिकाऊंसाठी एक युक्ती: स्क्रीन काळी-पांढरी करून घ्या. कॅमेऱ्यात मोनोक्रोम मोड असतो, फोनवर फिल्टर. रॉ चालू असेल तर मूळ फोटो रंगीतच साठतो, फक्त बघताना रंग दिसत नाहीत. रंग गेला की कळतं, हिवराची फांदी मागच्या टेकडीत मिसळतेय का वेगळी उठतेय. मिसळत असेल तर पुन्हा पाय हलवा.

ऊन कुठून येतंय

एक झाड आणि एक तास, एवढा सराव करा. शिरीष मिळाला तर उत्तम. या दिवसांत त्याची पानं झडलेली असतात आणि वाळक्या, चपट्या, फिक्या पिवळ्या शेंगा नुसत्या फांद्यांवर लटकून वाऱ्यात खुळखुळत असतात. सूर्य पाठीशी ठेवून एक फोटो काढा. शेंगा दिसतील, पण चित्र सपाट. सूर्य डाव्या किंवा उजव्या हाताला घेऊन दुसरा: खोडाची साल, तिच्या भेगा, एकेक रेघ उठून येते. मग झाडाला वळसा घालून सूर्य समोर, खोडाआड लपवून तिसरा. आता प्रत्येक शेंग कंदिलाची काच झालेली असते, आत बियांचे गोल ठिपके. तिन्ही फोटो शेजारी ठेवून बघा. एवढं डोळ्यात बसलं की प्रकाशावरची पुस्तकं वाचायची गरज बरेच दिवस पडत नाही.

नांगरटीला मात्र बाजूचंच ऊन हवं. नांगराच्या तासांच्या ओळींना आडवं ऊन पडलं की प्रत्येक ढेकळामागं सावली. ऊन ओळींच्या दिशेनं असेल तर काहीच नाही. म्हणजे एकच रान सकाळी चालेल आणि शेजारचं चालणार नाही, असं होतं.

खाली बघा

मोठं रान जमेना झालं की गुडघ्यावर बसा. कुसळी गवताचं एक बी हातात घ्या. खालचं टोक सुईसारखं, त्यावर मागं वळलेले बारीक केस, आणि वर दोन-तीन इंच लांब काळपट शेपूट, दोरीसारखा पीळ घेतलेलं. हे बी तळहातावर ठेवून त्यावर पाण्याचा थेंब टाका. शेपूट हळूहळू उलगडायला लागतं आणि बी स्वतःभोवती फिरतं. रात्रीच्या दवानं उलगडायचं, दिवसाच्या उन्हानं पीळ घ्यायचा, असं फिरत फिरत ते जमिनीत शिरतं. मागं वळलेले केस त्याला परत वर येऊ देत नाहीत. आता याचा फोटो काढा. सूर्य समोर, बियांचे झुबके उन्हात, आणि मागं सावलीतला बांध, म्हणजे पार्श्वभूमी काळी. फोनवर फार जवळ जाऊ नका, फोकस सुटतो. हातभर मागं होऊन 2 वर ठेवा. वारा पडायची वाट बघा, सात-साडेसातच्या आत तो बहुतेक वेळा पडलेलाच असतो.

काळ्या मातीच्या भेगाही जवळून घ्या. ही माती ओली झाली की फुगते, वाळली की आकसते, आणि फाल्गुनात तिच्यात बोटं जातील एवढ्या फटी पडतात. भेगांचा फोटो वरून सरळ काढायचा मोह टाळा, तो प्रत्येक दुष्काळी बातमीत असतो. जमिनीला डोळा लावून, तिरकं ऊन भेगेच्या एका काठावर आलेलं असताना बघा.

माणसं

रान कुणाचं तरी असतं. उभ्या हरभऱ्यातून चालू नका, करडईतून तर काटेच चालू देत नाहीत. माणूस दिसला की आधी राम राम, मग कॅमेरा. हमखास विचारणा होते, "काय करलालाव ओ इथं?" फोटो काढतोय म्हटलं की पुढचा प्रश्न, "वाळल्या रानाचा?" खरं सांगा: मामा, तुमचं बुचाड लई भारी दिसतंय उन्हात. मग हुरडा येतो, चटणी येते, कधी कधी उन्हाची वेळ टळून जाते, इलाज नाही.

ऊसतोडीची माणसं, त्यांच्या कोप्या म्हणजे झोपड्या, पोरं, बैलं हे सगळं या दिवसांत रस्त्याकडेला दिसतं. त्यांना देखावा समजून चालत्या गाडीतून फोटो काढू नयेत, असं माझं स्पष्ट मत आहे. थांबा, बोला, विचारा; नको म्हणाले तर नको.

घरी आल्यावर

त्याच दिवशी फोटो निवडू नका. पहाटे उठल्याचे कष्ट डोळ्यात असतात, त्यामुळे सगळेच चांगले वाटतात. दोन दिवसांनी बसा आणि एका सकाळीतले तीनच ठेवा. लहान थंबनेल बघून निवडा. बोटाएवढ्या आकारात जो फोटो कळतो तोच मोठा केल्यावरही टिकतो.

फोटो सुधारायला स्नॅपसीड असो की लाइटरूम, पहिलं काम क्षितिज सरळ करायचं. आपल्या सपाट मुलखात अर्धा अंश तिरकं असलं तरी डोळ्याला खुपतं. दुसरं काम कडा तपासायची: चारही बाजूंनी काही अर्धवट घुसलंय का, असेल तर कापा. मग थोडा कॉन्ट्रास्ट. सॅच्युरेशनला हात लावायचा तर कमी करायला. वाळलं गवत नारिंगी झालं की ते कुठल्यातरी परदेशी वॉलपेपरवरचं दिसतं. डीहेझ, म्हणजे धुरकटपणा काढणारं बटण, जपून, कारण तो करडा पट्टा आपण मुद्दाम घेतलाय.

चांगला जमलेला एखादा फोटो 8 बाय 12 आकारात छापून घ्या, आणि मॅट कागदावर. चकचकीत कागदावर फिके पिवळे रंग आरशासारख्या झळाळीत हरवतात. ज्याच्या रानात काढला त्याच्यासाठी एक जादा प्रत सांगा. लॅबवाल्याला ऑटो करेक्शन बंद ठेवायला आवर्जून सांगा, नाहीतर तुम्ही उणे 1 वर जपून आणलेली काळी जमीन त्याचं मशीन पुन्हा राखाडी करून देईल.